गच्चीवरच्या बागेत ठिबक: ड्रिपर सगळ्यात शेवटी बसवा

फेब्रुवारी संपत आला की ठिबकचा तयार संच आणायचा, एका रविवारी दुपारी घाईघाईत जोडायचा आणि मे महिन्यात गावाहून परत आल्यावर अर्ध्या कुंड्या वाळलेल्या बघायच्या. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता कुणी "ठिबक टिकत नाही हो" म्हटलं, तर मी आधी ते कसं जोडलं ते विचारतो. सामान बहुतेक वेळा बरं असतं, क्रम चुकलेला असतो. ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या, आधी लागतात, नळी नंतर धुतली जाते किंवा धुतलीच जात नाही, आणि पाण्याचा दाब तर कुणी मोजलेलाच नसतो.

खालचा क्रम आमच्या नगरच्या घराच्या गच्चीचं उदाहरण धरून लिहिला आहे: ३० कुंड्या, १००० लिटरची टाकी, बोअरचं जड पाणी, पंप नाही. तुमच्याकडे कुंड्या कमी-जास्त असतील, पण क्रम हाच ठेवा.

टप्पा १: कुंड्या मोजा, आणि मोजण्याआधी हलवा

कुंड्या आज जिथे आहेत तिथेच धरून नळी आखू नका. तहान सारखी असलेली झाडं आधी एकत्र आणा. टोमॅटो, पालक, पुदिना, अळू एका रांगेत. मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता दुसऱ्या रांगेत. कोरफड, अडेनियम आणि निवडुंग ठिबकवर घेऊच नका, त्यांना हातानेच पाणी द्या. कोरफड आणि पुदिना एकाच नळीवर एकाच वेळी चालवले, तर एक कुजणार किंवा दुसरा वाळणार.

मग कागदावर प्रत्येक कुंडीपुढे ड्रिपरची संख्या लिहा. साधारण हिशोब असा:

- ८ ते १० इंची कुंडी: १ ड्रिपर
- १२ ते १४ इंची कुंडी: माती जड असेल तर १, कोकोपीट जास्त असेल तर २
- १८ इंची ग्रो बॅग: २ ते ३
- अर्धा कापलेला ड्रम: ३ ते ४

कोकोपीट आणि जड माती यांत फरक का? काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं. कोकोपीट-शेणखताच्या हलक्या मिश्रणात ते सरळ खाली उतरतं. एकच ड्रिपर लावला तर मधोमध ओला खांब तयार होतो आणि कडेची मुळं कोरडी राहतात. वरून बघितलं तर कुंडी ओली वाटते, खालच्या ताटलीत पाणीही येतं, आणि झाड मात्र दुपारी मान टाकतं. एका ठिकाणी जास्त पाणी सोडण्यापेक्षा दोन ठिकाणी थोडं थोडं सोडलेलं केव्हाही चांगलं.

टप्पा २: उंची मोजा. हा टप्पा वगळलात तर पुढचं सगळं अंदाजपंचे

ड्रिपरवर ४ लिटर लिहिलेलं असतं. ते तासाला ४ लिटर देतो, पण साधारण १ बार दाबाला, म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याला. गच्चीवरची टाकी आणि गच्चीवरच्या कुंड्या यांत १० मीटर कुठून येणार?

टेप घ्या आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून कुंडीच्या मातीपर्यंतची उभी उंची मोजा. टाकीच्या झाकणापासून नव्हे, तोटीपासूनही नव्हे, पाण्याच्या पातळीपासून. आमच्याकडे ती १.८ मीटर भरली, म्हणजे दाब ०.१८ बार. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. ०.१८ चं वर्गमूळ साधारण ०.४२, म्हणून ४ लिटरचा ड्रिपर आमच्याकडे तासाला १.७ लिटरच देतो. पाकिटावरचा आकडा धरून पंधरा मिनिटं चालवलं, तर झाडाला एक लिटर मिळालं असं वाटतं. मिळालेलं असतं चारशे मिलिलिटर.

याच हिशोबातून दुसरी चूकही कळते. जमिनीवरच्या कुंड्या आणि तीन फुटी कठड्यावरच्या कुंड्या एकाच नळीवर जोडल्या, तर कठड्यावरच्यांना उंची १.८ ऐवजी ०.९ मीटर मिळते आणि पाणी सुमारे ३० टक्के कमी येतं. म्हणून कठड्यावरच्या रांगेची शाखा वेगळी काढा, तिला वेगळा व्हॉल्व्ह द्या आणि ती जास्त वेळ चालवा. जागा नसेल तर निदान त्या कुंड्यांना एकेक ड्रिपर जास्त लावा.

> तपासा: उंची १ मीटरपेक्षा कमी भरली, तर टाकीखाली पक्कं स्टँड बांधून घ्या किंवा छोटा पंप लावा. नुसत्या विटांच्या थरावर भरलेली टाकी चढवू नका. १००० लिटर म्हणजे एक टन वजन.

परसातली झाडं खालच्या मजल्यावर असतील तर तिथे ही अडचण नाही. दुमजली घराच्या टाकीपासून खाली जमिनीवर ७-८ मीटर सहज मिळतात. पण म्हणूनच परसाची नळी गच्चीच्या नळीला जोडू नका. दोन्ही एकदम चालू केल्या की पाणी खालीच पळतं, वरच्या कुंड्या कोरड्या.

टप्पा ३: आता दुकानात जा

तयार संच घ्यायचाच असेल तर घ्या, पण आतल्या वस्तू ओळखून घ्या. मी सुटं सामान घेतो, कारण शेतीच्या ठिबकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात ते फुटावर आणि नगावर मिळतं.

- १६ मिमीची काळी लॅटरल, म्हणजे कुंड्यांच्या रांगेलगत जाणारी मोठी नळी. टाकीच्या दाबावर १२ मिमी घेऊ नका, त्यात दाब लवकर मरतो.
- कुंडीपर्यंत जाणारी बारीक काळी मायक्रोट्यूब. पारदर्शक नको. उन्हात तिच्या आत शेवाळ धरतं आणि महिनाभरात हिरवी लेस तयार होते.
- पिन कनेक्टर (बारीक नळी मोठ्या नळीला जोडणारा), जॉइनर, टी, एल्बो, एंड कॅप (नळीचं टोक बंद करणारं टोपण), प्रत्येकी चार-पाच जास्तीचे.
- उघडून साफ करता येणारे साधे ड्रिपर, आणि ते मातीत रोवायच्या खुंट्या.
- पाऊण किंवा एक इंची स्क्रीन फिल्टर (जाळीचा), १२० मेशचा, म्हणजे जाळीत इंचाला १२० छिद्रं असलेला. छोटा अर्धा इंची फिल्टर स्वस्त असतो, पण आपला तुटपुंजा दाब तोच खाऊन टाकतो.
- बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप, पंच आणि चुकलेली भोकं बुजवायचे प्लग.

दुकानदार दोन वस्तू आग्रहाने देईल. पहिली, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे. शेतावर ते उत्तम, पण त्यांना चालायलाच अर्ध्या ते एक बारचा दाब लागतो. टाकीच्या दाबावर काही थेंब थेंब देतील, काही गप्प बसतील. दुसरी, पीळ देऊन कमी-जास्त करायचा ड्रिपर. एक उघडला की बाकीच्यांचं पाणी कमी होतं, मग ते उघडले जातात, आणि शेवटी टाकीजवळच्या चार कुंड्या तुंबतात. हा ड्रिपर फक्त ड्रममधल्या मोठ्या झाडासाठी ठेवा.

टप्पा ४: टाकी, व्हॉल्व्ह, फिल्टर

टाकीपासून क्रम असा: बॉल व्हॉल्व्ह, मग फिल्टर, मग टायमर असेल तर टायमर, मग नळी. टायमर फिल्टरच्या आधी लावला तर गाळ त्याच्या झडपेत अडकतो. फिल्टरवर बाण असतो, पाणी त्या दिशेनेच गेलं पाहिजे. उलटा बसवला तरी पाणी येतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. फिल्टरखाली बादली बसेल एवढी जागा सोडा, नाहीतर तो उघडून धुवायचा कंटाळा येईल.

प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे आवळायच्या दिशेने गुंडाळा, आठ-दहा वेढे. हाताने घट्ट करा आणि फार तर पाव फेरा पान्ह्याने. जास्त आवळलं की फिटिंगला बारीक तडा जातो आणि तो दुसऱ्या दिवशी उन्हात उघडतो.

> सावधान: ठिबक नगरपालिकेच्या थेट लाइनला किंवा घरात पिण्याचं पाणी जाणाऱ्या नळीला जोडत असाल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारा) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाणी गेलं की लाइनमध्ये ओढ निर्माण होते आणि कुंडीतलं गढूळ पाणी मागे घरात शिरू शकतं.

टप्पा ५: नळी अंथरा

गुंडाळी सोडून नळी अर्धा तास उन्हात पसरा, मग ती सरळ होते. जोड बसत नसेल तर नळीचं टोक चहाइतक्या गरम पाण्यात अर्धं मिनिट धरा. तेल किंवा साबण लावू नका. जोड सहज आत जातो खरा, पण दाब आला की तितकाच सहज बाहेर येतो.

नळी ताणून बांधू नका. काळी नळी दुपारी लांबते आणि पहाटे आखडते. ताणलेली असेल तर पहाटे जोड निसटतो आणि तुम्ही उठेपर्यंत टाकी रिकामी होते. दोन-दोन फुटांवर क्लॅम्प मारा, मध्ये थोडा झोळ ठेवा.

एकच झोळ चालत नाही, तो म्हणजे वर गेलेला. कमी दाबात नळी कठड्यावरून वर चढून पुन्हा खाली उतरली की त्या कमानीत हवा अडकते आणि पुढे पाणी जात नाही. टाकीपासून शेवटच्या टोकापर्यंत नळी एकसारखी उतरती ठेवा.

टप्पा ६: धुवा. भोकं पाडा. पुन्हा धुवा.

लेख लिहायला घेतला तो या टप्प्यासाठी.

पहिल्या वेळी मी सगळे ड्रिपर एका दुपारी लावले, व्हॉल्व्ह उघडला, सगळीकडे थेंब पडताना पाहिले आणि समाधानाने खाली गेलो. आठवड्यात नऊ ड्रिपर बंद. एक उघडून तळहातावर घेतला. आतली वळणावळणाची वाट केसाएवढी, आणि तिच्या तोंडाशी काळ्या प्लास्टिकची बारीक चकती बसलेली. पंचने नळीला भोक पाडताना कापली गेलेली तीच चकती. नळी कापताना पडलेला भुसाही होता. सुईने एकेक साफ करायला दीड तास गेला, आणि पुढच्या आठवड्यात त्यातले चार पुन्हा बंद, कारण नळीतला कचरा तसाच होता.

म्हणून क्रम असा:

१. एंड कॅप लावू नका. सगळी टोकं उघडी ठेवून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पाच मिनिटं पाणी जाऊ द्या. टोकाशी पांढरी बादली ठेवा, तिच्या तळाशी काय काय येतं ते दिसेल.

२. व्हॉल्व्ह बंद करा. सकाळी किंवा संध्याकाळी, नळी थंड असताना, पंचने भोकं पाडा. उन्हात मऊ झालेल्या नळीला पाडलेलं भोक मोठं होतं आणि पिन कनेक्टरच्या बाजूने पाझर राहतो. पंच काटकोनात धरा. तिरकं गेलेलं किंवा नळीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलेलं भोक प्लगने बुजवा आणि दोन इंच सरकून दुसरं पाडा.

३. पिन कनेक्टर आणि मायक्रोट्यूब लावा, ड्रिपर अजूनही नाही. पुन्हा पाणी सोडा, या वेळी टोकं आणि सगळ्या बारीक नळ्या उघड्या. एक-एक टोक करत एंड कॅप लावत जा, म्हणजे जोर बारीक नळ्यांकडे वळेल आणि प्रत्येकीतून धार येईल. जिच्यातून येत नाही तिच्यात काहीतरी अडकलं आहे, आत्ताच काढा.

४. आता ड्रिपर.

> तपासा: ड्रिपर लावण्याआधी बादलीतलं शेवटचं पाणी ग्लासात घेऊन उजेडात धरा. तळाला काहीही बसत असेल तर आणखी धुवा.

मायक्रोट्यूब एक मीटरपेक्षा लांब नको. ड्रिपर मोठ्या नळीवर लावून पुढे उघडी बारीक नळी कुंडीत सोडायची, असंही काही जण करतात. मला ते पटत नाही. उघड्या टोकात मुंग्या घर करतात, आणि थेंब पडतोय की नाही हे दिसत नाही. ड्रिपर कुंडीत, खुंटीवर, मातीपासून इंचभर वर असावा. मातीला टेकलेला ड्रिपर पाणी बंद होताना माती आत ओढून घेतो.

जागा बुंधा आणि कुंडीची कड यांच्या मधोमध. बुंध्यालाच थेंब पडत राहिले तर खोड कुजतं, विशेषतः मिरची आणि टोमॅटोचं. परसातल्या लिंबाला किंवा शेवग्याला तर बुंध्यापासून दूर, दुपारच्या सावलीच्या कडेशी, गोलाकार चार ड्रिपर लावा. पाणी पिणारी बारीक मुळं तिथे असतात.

टप्पा ७: डब्यांची चाचणी

दह्याचे रिकामे डबे जमवा. प्रत्येक रांगेतल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक डबा ठेवा, घड्याळ लावून दहा मिनिटं पाणी सोडा, मग मापाने मोजा. दहा मिनिटांच्या पाण्याला सहाने गुणलं की तासाचा आकडा मिळतो. आमच्याकडे सरासरी २८० मिलिलिटर भरलं, म्हणजे तासाला सुमारे १.७ लिटर. टप्पा २ मध्ये काढलेला आकडा आणि हा आकडा जुळला, तर जोडणी बरोबर आहे.

पहिल्या आणि शेवटच्या डब्यात दहाव्या हिश्शापर्यंत फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर कारण शोधा. शेवटचे सगळेच कमी देत असतील तर एका शाखेवर ड्रिपर जास्त झाले आहेत किंवा हवा अडकली आहे. मधलाच एखादा कमी देत असेल तर त्याच ड्रिपरमध्ये कचरा आहे. सगळेच सारखे कमी देत असतील तर फिल्टर उघडा.

ही चाचणी टाकी भरलेली असताना एकदा आणि अर्धी असताना एकदा करा. पातळी उतरली की दाब उतरतो. म्हणून पाणी रोज ठरावीक वेळी, टाकी भरल्यानंतर सोडायची सवय लावा.

टप्पा ८: किती वेळ चालवायचं

बारा इंची कुंडीतल्या भरल्या झाडाला कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लागतं, थंडीत त्याच्या निम्म्याने भागतं. आमच्या १.७ लिटरच्या हिशोबाने एका लिटरला ३५ मिनिटं. पण सलग ३५ मिनिटं सोडू नका. सकाळी सहाला २० आणि संध्याकाळी १५ असं विभागा, म्हणजे हलक्या मातीतून पाणी वाहून जात नाही. वाऱ्याच्या गच्चीवर, सिमेंट तापणाऱ्या ठिकाणी, वेळ वाढवावीच लागते.

पहिला आठवडा रोज तपासा. पाणी बंद झाल्यावर तासाभराने कुंडीच्या कडेला बांबूची काडी चार इंच खुपसा. काडीला ओली माती चिकटली तर पुरे झालं. काडी कोरडी आणि ताटलीत पाणी, तर वेळ नव्हे, ड्रिपर वाढवा. माती फार वाळून आक्रसली असेल तर पाणी कुंडीच्या भिंतीलगत निसटतं. अशी कुंडी आधी एकदा हाताने पूर्ण भिजवून घ्या. वाळक्या कुंडीला ठिबक एकट्याने पुन्हा भिजवू शकत नाही.

चाचणी मनासारखी झाल्यावरच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. आधी घातलं तर गळती दिसत नाही.

टप्पा ९: टायमर

टाकीवर चालणारं ठिबक असेल तर टायमर विचारून घ्या: शून्य दाबावर चालतो का? आत बॉल व्हॉल्व्ह असलेला चालतो. सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या, झडपेच्या बहुतेक टायमरना किमान दाब लागतो, त्याशिवाय ते नीट उघडत नाहीत किंवा पूर्ण बंद होत नाहीत. टायमर सावलीत लावा. गावाला जायचं असेल तर नवे सेल घालून आधी किमान आठवडाभर घरी असताना चालवून बघा. निघायच्या दिवशी सकाळी बसवलेल्या टायमरवर बाग सोपवू नका.

नंतरची देखभाल, ज्यात बहुतेक जण चुकतात

फिल्टर आठवड्याला धुवा. पंधरा दिवसांनी एंड कॅप काढून नळीची टोकं मिनिटभर वाहू द्या. टाकी धुवायला माणूस येणार असेल तर ठिबकचा व्हॉल्व्ह आधी बंद करा. ढवळलेला गाळ एका तासात सगळे ड्रिपर बुजवतो.

जीवामृत, शेणाची स्लरी, ताक, वेस्ट डीकंपोझर यांतलं काहीही ठिबकमधून सोडू नका, कितीही गाळलं तरी. आमच्या शेजारच्या वहिनींनी दुहेरी फडक्यातून गाळलेलं जीवामृत टाकीत घातलं, आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक ड्रिपरमध्ये बुळबुळीत थर. ते कुंडीत हातानेच घाला. ठिबकमधून फक्त पाण्यात पूर्ण विरघळणारी खतं द्या, आणि दिल्यावर दहा मिनिटं साधं पाणी सोडा.

बोअरचं पाणी असेल तर बादलीच्या कडेला दिसणारा पांढरा थर ड्रिपरमध्येही बसतोच. दोन-तीन महिन्यांनी ड्रिपर काढून साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा आणि सकाळी पाण्यात खळबळून परत लावा. त्यासाठी दहा-बारा जास्तीचे ड्रिपर घेऊन ठेवा, म्हणजे एक रांग भिजत असताना दुसरे लावता येतात. ड्रिपर झाडाशी जोडलेला असताना नळीतून ॲसिड सोडण्याचा शेतातला प्रकार कुंड्यांना करू नका, एवढ्याशा मातीत मुळं जळतात.

उन्हाळ्यात खारुताया नळी कुरतडतात. पाण्यासाठीच कुरतडतात. गच्चीच्या कोपऱ्यात मातीच्या परळात रोज पाणी ठेवलं की हे बरंच थांबतं, चिमण्या-बुलबुलही येतात.

पावसाळा लागला की व्हॉल्व्ह बंद करा, टोकं उघडून नळी रिकामी करा, टायमरचे सेल काढून तो घरात ठेवा आणि ड्रिपर वर उचलून खुंटीलाच अडकवून ठेवा. पाऊस थांबून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की लगेच पाणी सोडू नका. आधी टोकं उघडून नळी धुवा, मग डब्यांची चाचणी पुन्हा करा. चार महिन्यांत आत कोळी आणि मुंग्या शिरलेल्या असतात.